शेतीचा जमाखर्च मोफत शीटमध्ये: आपला एक क्विंटल कितीला पडला, हे काढण्याची सोपी पद्धत

सोयाबीन बाजारात नेताना खामगाव, चिखली, मेहकरचा त्या दिवसाचा भाव तुम्हाला तोंडपाठ असतो. पण आपला एक क्विंटल सोयाबीन आपल्याला कितीला पडला, हा आकडा बहुतेकांकडे नसतो. भाव आपल्या हातात नाही, खर्च मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. तरीही ज्याची नोंद ठेवायला हवी, नेमकी त्याचीच नोंद राहत नाही.

वहीत लिहिणारे शेतकरी बुलडाणा जिल्ह्यात कमी नाहीत. मात्र वहीत सोयाबीन, कपाशी, हरभरा, किराणा आणि लग्नाचा आहेर एकाच पानावर येतात आणि हंगामाच्या शेवटी बेरीज करायला कोणी बसत नाही. शीट म्हणजे अशी वही, जी बेरीज स्वतः करते आणि विचारले की पिकानुसार, प्लॉटनुसार वेगळी करून दाखवते. त्यासाठी संगणकाचा कोर्स लागत नाही. तीन पाने आणि चार सूत्रे एवढ्यावर काम भागते.

कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

- गुगल शीट्स: मोबाइलवर मोफत मिळते. जीमेल खाते असले की पुरे. नोंद आपोआप साठवली जाते, त्यामुळे मोबाइल हरवला तरी हिशोब हरवत नाही. घरातील दोन-तीन जणांना एकाच फाइलवर काम करता येते.
- लिब्रेऑफिस कॅल्क: संगणक किंवा लॅपटॉपसाठी पूर्ण मोफत. इंटरनेट लागत नाही. गटशेती, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा बचत गटाच्या कार्यालयात जुना संगणक असेल तर हे उत्तम. एक्सेलच्या फाइल यात उघडतात व एक्सेलच्या स्वरूपात साठवताही येतात.

एकट्या शेतकऱ्याने मोबाइलवरील गुगल शीट्सने सुरुवात करावी. बांधावर उभे राहून नोंद करता येते, हा त्याचा मोठा फायदा. शेतात नेटवर्क नसेल तर घरी इंटरनेट असताना फाइलच्या तीन ठिपक्यांवर दाबून ती ऑफलाइन उपलब्ध करून ठेवा. शेतात केलेली नोंद नेटवर्क मिळाले की आपोआप वर चढते.

सुरू करण्यापूर्वी दोन सूचना

१. या लेखात सूत्रे देवनागरीत दिली आहेत. शीटमध्ये टाइप करताना स्तंभांची अक्षरे (ए, बी, सी...), सूत्रांची नावे आणि सर्व अंक इंग्रजी कीबोर्डवरूनच टाका. पिकाचे, कामाचे नाव मात्र मराठीत लिहायला काहीच हरकत नाही.

२. संगणकावर फाइल उघडून 'फाइल', मग 'सेटिंग्ज' येथे 'लोकेल' मध्ये 'इंडिया' निवडा. तसे न केल्यास काही फाइलमध्ये ५ जून ही तारीख ६ मे अशी वाचली जाते.

पान पहिले: खर्च

नवीन फाइल उघडा. खालच्या पट्टीवरील पहिल्या पानाला 'खर्च' नाव द्या. पहिल्या ओळीत पुढीलप्रमाणे मथळे लिहा.

| स्तंभ | मथळा | काय लिहावे |
|---|---|---|
| ए | तारीख | काम झाले तो दिवस |
| बी | प्लॉट | वरचा-खरीप, विहीर-खरीप, विहीर-रब्बी |
| सी | पीक | सोयाबीन, कपाशी, तूर, हरभरा |
| डी | काम | मशागत, बियाणे, खत, फवारणी, निंदण, सोंगणी... |
| ई | तपशील | कोणते खत, कोणते औषध, किती मजूर |
| एफ | किती | फक्त आकडा |
| जी | दर | फक्त आकडा |
| एच | रक्कम | सूत्राने येईल |
| आय | पैसे | रोख, उधार किंवा घरचे |

नियम एकच: एक खर्च, एक ओळ. त्याच दिवशी निंदण आणि फवारणी दोन्ही झाली तर दोन ओळी लिहा. दोन प्लॉटवर मिळून खताची पाच पोती गेली तर तीन एका ओळीत, दोन दुसऱ्या ओळीत. हा नियम मोडला की पुढचा सगळा हिशोब ढिला पडतो.

एच स्तंभाच्या दुसऱ्या ओळीत हे सूत्र टाका:

=एफ२*जी२

मग ती चौकट खाली ओढा किंवा कॉपी करून खालच्या दोनशे ओळींत चिकटवा. आता 'किती' आणि 'दर' लिहिले की रक्कम आपोआप येईल. गुत्त्याने दिलेल्या कामात 'किती' मध्ये एकर आणि 'दर' मध्ये एकरी गुत्ता लिहा.

प्लॉटच्या नावात हंगाम जोडण्याचे कारण असे, की ज्या वावरात खरिपात सोयाबीन असते त्यातच रब्बीत हरभरा येतो. नाव एकच ठेवले तर दोन पिकांचा खर्च एकत्र होतो.

नावांची यादी ठरवून ठेवा

शीटला 'सोयाबीन', 'सोयाबिन' आणि 'सोया' ही तीन वेगळी पिके वाटतात. बेरीज चुकण्याचे सर्वांत मोठे कारण हेच. म्हणून प्लॉट, पीक, काम आणि पैसे या चार स्तंभांसाठी यादी तयार करा. संगणकावर तो स्तंभ निवडून 'इन्सर्ट' मधील 'ड्रॉपडाउन' घ्या आणि नावे भरा. एकदा हे केले की मोबाइलवर टाइप करावेच लागत नाही, यादीतून नाव निवडायचे. गावातील कॉलेजला जाणाऱ्या मुला-मुलीकडून हे एवढे काम करून घेतले तरी चालेल.

'घरचे' म्हणजे फुकट नव्हे

घरचे बियाणे, घरची बैलजोडी, घरच्या माणसांची मजुरी आणि घरचे शेणखत यांचे पैसे खिशातून जात नाहीत, म्हणून ते हिशोबात धरले जात नाहीत. मग पीक प्रत्यक्षापेक्षा फायद्याचे दिसते. या चारही गोष्टी लिहा आणि 'पैसे' स्तंभात 'घरचे' निवडा.

- बियाणे: पेरणीच्या वेळी ते विकले असते तर काय भाव मिळाला असता, तो दर.
- मजुरी: त्या कामाला गावात त्या आठवड्यात जी मजुरी सुरू असेल ती. घरातील बायांनी केलेले निंदण आणि वेचणीही त्याच दराने.
- बैलजोडी: भाड्याने आणली असती तर लागला असता तो दिवसाचा दर.
- शेणखत: गावात ट्रॉलीला जो भाव आहे तो.

केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोग हमीभावाची शिफारस करताना ज्या खर्चाचा आधार घेतो, त्यातही प्रत्यक्ष खर्चासोबत कुटुंबाच्या श्रमाचे मूल्य धरलेले असते. २०२५-२६ च्या खरिपासाठी सोयाबीनचा हा खर्च देशपातळीवर क्विंटलला ३,५५२ रुपये धरला गेला आणि त्याच्या दीडपट, म्हणजे ५,३२८ रुपये हमीभाव जाहीर झाला. हा देशाचा सरासरी आकडा आहे. तुमचा आकडा यापेक्षा वर आहे की खाली, हे तुमच्या शीटशिवाय कोणीच सांगू शकत नाही.

पान दुसरे: विक्री

दुसऱ्या पानाला 'विक्री' नाव द्या. मथळे असे: ए तारीख, बी प्लॉट, सी पीक, डी क्विंटल, ई दर, एफ रक्कम. एफ स्तंभात =डी२*ई२ हे सूत्र टाका. माल टप्प्याटप्प्याने विकला तर प्रत्येक वेळची वेगळी ओळ. हमाली, तोलाई आणि वाहतूक या पानावर वजा करू नका, त्यांच्या ओळी 'खर्च' पानावर लिहा. घरी खाण्यासाठी किंवा बियाण्यासाठी ठेवलेला मालही येथे त्या दिवसाच्या भावाने नोंदवा, नाहीतर उत्पादन कमी दिसेल.

पान तिसरे: हिशोब

तिसऱ्या पानाला 'हिशोब' नाव द्या. ए स्तंभात दुसऱ्या ओळीपासून प्लॉटची नावे लिहा. मग समोरच्या चौकटींत:

- बी२, एकूण खर्च: =समइफ('खर्च'!बी:बी,ए२,'खर्च'!एच:एच)
- सी२, एकूण उत्पादन: =समइफ('विक्री'!बी:बी,ए२,'विक्री'!डी:डी)
- डी२, क्विंटलला खर्च: =बी२/सी२
- ई२, एकूण उत्पन्न: =समइफ('विक्री'!बी:बी,ए२,'विक्री'!एफ:एफ)
- एफ२, शिल्लक: =ई२-बी२

सूत्राचे नाव इंग्रजीत एस-यू-एम-आय-एफ असे सलग, मध्ये जागा न सोडता लिहायचे. पहिल्या सूत्राचा अर्थ असा: 'खर्च' पानावरील प्लॉटचा स्तंभ बघ, जेथे ए२ मधील नाव दिसेल तेथील रक्कम बेरजेत घे. एकदा दुसरी ओळ बरोबर जमली की ती खाली ओढा. सगळ्या प्लॉटचा हिशोब तयार होतो.

उदाहरण: २ एकर सोयाबीन

खालील आकडे केवळ पद्धत समजण्यासाठी घेतले आहेत. तुमच्या गावचे दर त्यांच्या जागी घाला.

| काम | हिशोब | रक्कम (रु.) |
|---|---|---|
| नांगरणी | २ एकर × १,८०० | ३,६०० |
| रोटाव्हेटर, वखरणी | २ एकर × १,२०० | २,४०० |
| बियाणे (घरचे) | ६० किलो × ७० | ४,२०० |
| बीजप्रक्रिया | | ४०० |
| पेरणी | २ एकर × १,००० | २,००० |
| डीएपी | २ पोती × १,३५० | २,७०० |
| पोटॅश | १ पोते | १,६०० |
| तणनाशक व फवारणी | २ एकर × १,४०० | २,८०० |
| कीडनाशक फवारणी, २ वेळा | २ × १,८०० | ३,६०० |
| डवरणी, २ वेळा | २ × १,२०० | २,४०० |
| निंदण | १० मजूर × ३०० | ३,००० |
| घरची मजुरी | १६ दिवस × ३०० | ४,८०० |
| सोंगणी (गुत्ता) | २ एकर × ३,५०० | ७,००० |
| मळणी | १२ क्विं. × २५० | ३,००० |
| वाहतूक, हमाली | | १,८०० |
| एकूण | | ४५,३०० |

उत्पादन १२ क्विंटल. म्हणजे क्विंटलला खर्च ३,७७५ रुपये. घरचे बियाणे आणि घरची मजुरी सोडून दिली तर हाच आकडा ३,०२५ दिसतो. क्विंटलमागे ७५० रुपयांचा हा फरक म्हणजे घरच्यांच्या घामाचे आणि कोठीतील बियाण्याचे पैसे आहेत.

आता बाजारात ४,२०० रुपये भाव मिळाला असे धरा. उत्पन्न ५०,४००, शिल्लक ५,१००. दोन एकरांत चार-साडेचार महिन्यांची शिल्लक एवढीच.

पुढे उत्पादनाच्या आकड्याशी खेळून बघा. शेंगा भरताना पावसाने दडी मारली किंवा यलो मोझॅक आला आणि १२ ऐवजी ९ क्विंटलच झाले. मळणीचे ७५० रुपये वाचतील, बाकी खर्च तोच राहील. खर्च ४४,५५० आणि क्विंटलचा खर्च ४,९५० रुपये. त्याच ४,२०० च्या भावाने ६,७५० रुपये तोटा. बाजारभाव तोच असताना नफ्याचे पीक तोट्यात गेले. या उदाहरणात ४,२०० भावाला खर्च भरून निघण्यासाठी दोन एकरांत सुमारे १०.७ क्विंटल, म्हणजे एकरी साडेपाच क्विंटलच्या आसपास उत्पादन लागते. तुमच्या वावराचे मागील तीन-चार वर्षांचे उत्पादन या रेषेच्या वर आहे की खाली, हे पुढच्या पेरणीआधी तपासण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट, खर्च कुठे गेला ते बघा. सोंगणी, मळणी आणि वाहतूक मिळून ११,८०० रुपये, म्हणजे एकूण खर्चाच्या २६ टक्के. खताच्या पोत्यावर ५० रुपये वाचवण्यासाठी आपण तीन दुकाने फिरतो, पण सोंगणीचा गुत्ता शेवटच्या आठवड्यात घाईने ठरवतो. चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून गुत्ता आणि मळणीयंत्र आधीच ठरवले तर बचत कुठे होईल, हे टेबल स्पष्ट सांगते.

विकावे की थांबावे?

सोंगणीनंतर लगेच विकावे की दोन-तीन महिने थांबावे, हा निर्णय बहुधा शेजाऱ्याकडे बघून होतो. त्याचेही गणित मांडता येते. थांबल्यावर दोन गोष्टी बदलतात: ओलावा घटतो म्हणून वजन घटते आणि उधारीवर व्याज चढते.

समजा, सोयाबीनमध्ये १४ टक्के ओलावा आहे आणि व्यापारी आज ४,००० रुपये देतो. १२ क्विंटलचे ४८,००० रुपये होतात. वाळवून ओलावा १० टक्क्यांवर आणला तर वजन असे निघते:

=१२*(१००-१४)/(१००-१०)

उत्तर ११.४७ क्विंटल. म्हणजे अर्ध्या क्विंटलपेक्षा थोडी जास्त घट. त्यात तुमच्यावर २०,००० रुपये उधारी असेल आणि महिना २ टक्के व्याज असेल तर तीन महिन्यांत १,२०० रुपये चढतात. आता ४९,२०० रुपयांना ११.४७ ने भागा. सुमारे ४,२९० रुपये येतात. तीन महिन्यांनी भाव ४,२९० च्या पुढे गेला तरच थांबण्यात अर्थ आहे, ४,२०० झाला तर थांबून तोटाच झाला. बारदाना, साठवणूक आणि उंदीर-भुंग्याचे नुकसान यात अजून धरलेले नाही.

येथेच तारण कर्जाचा विचार करा. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत राबवली जाते. गोदामात ठेवलेल्या सोयाबीन, तुरीसारख्या मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, मुदत ६ महिने आणि व्याज वार्षिक ६ टक्के, असे तिचे स्वरूप आहे. वरच्या उदाहरणात २०,००० ची उधारी या पैशातून फेडली तर तीन महिन्यांचे व्याज १,२०० ऐवजी ३०० रुपये होते आणि बरोबरीचा भाव सुमारे ४,२१२ वर येतो. आपली बाजार समिती योजना राबवते का आणि गोदामात जागा आहे का, हे सोंगणीआधीच विचारून ठेवा.

हमीभाव केंद्रावर माल न्यायचा असेल तर सोयाबीनसाठी ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के आहे. नोंदणी केली असेल तर वरच्या गणितात १० च्या जागी १२ घालून हमीभावाने येणारी रक्कमही काढा आणि दोन्ही पर्याय शेजारी ठेवा.

उधारीचे वेगळे पान

कृषी केंद्राची उधारी दिवाळीला एकरकमी समोर येते, तेव्हा मूळ किती आणि व्याज किती हे कळत नाही. 'उधारी' नावाचे पान करा: ए तारीख, बी कोणाकडून, सी रक्कम, डी महिन्याचे व्याज टक्के, ई आजपर्यंतचे व्याज. ई२ मध्ये:

=सी२*डी२/१००*(टुडे()-ए२)/३०

टुडे म्हणजे इंग्रजीत टी-ओ-डी-ए-वाय. फाइल उघडाल त्या दिवसापर्यंतचे व्याज दिसेल. एखाद्या ओळीचे पैसे चुकवले की ई स्तंभातील सूत्र काढून प्रत्यक्ष दिलेले व्याज लिहा आणि तेवढ्या रकमेची ओळ 'खर्च' पानावर टाका.

अनेक ठिकाणी व्याज सांगितले जात नाही, उधारीचा दरच वेगळा असतो. रोखीने १,००० ला मिळणारे औषध उधारीवर १,१०० ला घेतले आणि पाच महिन्यांनी पैसे दिले, तर ते महिना २ टक्के, म्हणजे वर्षाला २४ टक्के व्याज झाले. दुकानात दोन्ही दर विचारा आणि दोन्ही लिहा. याउलट ३ लाखांपर्यंतचे पीक कर्ज वेळेत फेडले तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे व्याजाचा भार राहत नाही. म्हणून याच पानावर पीक कर्जाच्या परतफेडीची तारीख ठळक लिहून ठेवा. स्वस्त कर्ज थकवून महाग उधारी फेडणे ही चूक शीटमध्ये लगेच दिसते.

आपल्या जिल्ह्यातील इतर पिकांसाठी थोडे बदल

- सोयाबीन + तूर आंतरपीक: मशागत, खत, डवरणीचा खर्च दोन पिकांत वाटत बसू नका. 'पीक' मध्ये 'सोयाबीन+तूर' असे एकच नाव ठेवा आणि पूर्ण प्लॉटचा खर्च व दोन्ही पिकांचे एकूण उत्पन्न बघा. क्विंटलच्या खर्चापेक्षा एकरी शिल्लक हा येथे खरा आकडा आहे.
- कपाशी (मुख्यतः घाटाखाली): प्रत्येक वेचा वेगळ्या ओळीत लिहा, तपशिलात 'पहिला वेचा', 'दुसरा वेचा'. वेचणी किलोवर असेल तर 'किती' मध्ये किलो. पुढच्या वेच्यांत कापूस विरळ होतो आणि वेचणीचा दर वाढतो. वेचणी आणि फवारणी वजा जाता शेवटच्या वेच्यात काय उरले, ते बघितले की फरदड ठेवायची की नाही याचे उत्तर मिळते. फरदडीमुळे गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो, हे नुकसान वेगळेच.
- शेडनेट व ठिबक (देऊळगाव राजा, सिंदखेड राजा भागातील बीजोत्पादक): उभारणीचा सगळा खर्च एकाच वर्षात टाकू नका. अनुदान वजा जाता ६०,००० रुपये लागले आणि संच ६ वर्षे चालेल असे धरले, तर दरवर्षी १०,००० ची ओळ 'घसारा' म्हणून लिहा.
- सालदार: पाडव्याला ठरलेली सालाची रक्कम १२ ने भागा आणि महिन्याला एक ओळ लिहा. त्या महिन्यात ज्या प्लॉटवर जास्त काम झाले त्याप्रमाणे रक्कम वाटा.

रोजच्या कामातील छोटी गणिते

रिकाम्या पानावर ही तीन सूत्रे ठेवा. पेरणी-फवारणीच्या दिवशी उपयोगी पडतात.

१. हेक्टरचे एकर: सातबाऱ्यावरील आकडा ए२ मध्ये लिहून =ए२*२.४७१. ०.८१ हेक्टर म्हणजे २ एकर.

२. घरच्या बियाण्याचे प्रमाण: सोयाबीन एकरी ३० किलो हे प्रमाण ७० टक्के उगवणीसाठी आहे. १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून किती उगवले ते मोजा, ए२ मध्ये लिहा आणि =३०*७०/ए२ हे सूत्र टाका. ६० दाणे उगवले तर एकरी ३५ किलो बियाणे लागेल.

३. पंपाला औषध: लेबलवर हेक्टरी ५०० मिली असेल तर एकरी २०० मिली. एकराला १५ लिटरचे १० पंप लागत असतील तर पंपाला २० मिली. सूत्र: =ए२/२.५/बी२, ए२ मध्ये हेक्टरी मात्रा, बी२ मध्ये एकरी पंप.

फवारणीच्या ओळीत औषधाचे नाव, त्यातील घटक आणि मात्रा तपशिलात लिहा. एकाच गटाचे औषध लागोपाठ तीनदा मारले गेले का, हे वर्षाअखेर एका नजरेत दिसते.

नेहमी अडणाऱ्या गोष्टी

| काय दिसते | कारण | उपाय |
|---|---|---|
| बेरीज शून्य किंवा कमी येते | मराठी कीबोर्डवरून अंक टाकले आहेत, शीट त्यांना मजकूर समजते | अंक इंग्रजी कीबोर्डवरून पुन्हा टाका. बोलून टाइप केले असेल तर अंक तपासा |
| रक्कम येत नाही, चूक दाखवते | '१२ क्विं.' किंवा '५०० रु.' असे चौकटीत लिहिले | एकक मथळ्यात, चौकटीत फक्त आकडा |
| एखाद्या पिकाचा खर्च कमी दिसतो | नावाचे स्पेलिंग वेगळे, किंवा नावानंतर रिकामी जागा | यादीतूनच नाव निवडा |
| #### दिसते | स्तंभ अरुंद आहे | स्तंभ रुंद करा, आकडा सुरक्षित असतो |
| भागाकाराची चूक दिसते | विक्रीची नोंद अजून झालेली नाही | विक्री लिहिली की आपोआप जाईल |
| सूत्र गायब, जुना आकडा तसाच | चुकून सूत्रावर आकडा टाइप झाला | वरच्या ओळीतून सूत्र पुन्हा कॉपी करा |

सवय कशी लावावी?

- रोज नोंद जमत नसेल तर मजुरीचा चुकारा करता त्याच दिवशी, मजुरांचे पैसे देताना आठवड्याच्या सर्व ओळी भरा. बिलाचा फोटो काढून ठेवा.
- मजुरांचा हिशोब घरातील बाई ठेवत असेल तर फाइल तिच्या मोबाइलवरही उघडी करा आणि तिला बदल करण्याची परवानगी द्या. इतरांना फक्त बघण्याची परवानगी पुरे.
- पाडव्याला नवी फाइल सुरू करा. जुन्या फाइलची प्रत घेऊन ओळी पुसल्या की सूत्रे आणि याद्या तशाच राहतात.
- पहिल्या वर्षी सगळी शेती घेऊ नका. एकच प्लॉट, एकच पीक, पण मशागतीपासून विक्रीपर्यंत पूर्ण.
- हंगाम संपल्यावर 'हिशोब' पानाची छापील प्रत काढून घरात ठेवा. तीन वर्षांच्या तीन प्रती शेजारी ठेवल्या की कोणते वावर कोणत्या पिकाला साथ देते, हे कोणी सांगण्याची गरज राहत नाही.

पुढच्या वेळी सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) किंवा कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञाकडे सल्ल्याला जाल तेव्हा मोबाइलवर हे पान उघडून दाखवा. 'सोयाबीन परवडत नाही' एवढेच सांगितले तर मिळणारा सल्ला सर्वसाधारण असतो. 'सोंगणीला एकरी ३,५०० जातात आणि उत्पादन पाच क्विंटलवर अडले आहे' असे सांगितले तर उत्पादन वाढवायचे की खर्च कमी करायचा, यावर नेमके बोलता येते. या हंगामातील पहिला खर्च, मग ती नांगरणी असो वा बियाण्याची पिशवी, आजच पहिल्या ओळीत लिहा.